अर्धा उपचार, पुरता खर्च

पित्तनलिकेचा कर्करोग हा दबा धरून बसणारा रोग होय. यकृतातील पित्त आतड्याकडे नेणारी नळी गाठीने अडली की कावीळ दिसू लागते. पण तोवर रोग पुष्कळदा जवळच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचलेला असतो. रोगमुक्तीची खरी आशा शस्त्रक्रियेतच आहे. तथापि गाठ समूळ काढल्यावरही अनेक रुग्णांत रोग परततो, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी शल्यविशारदाच्या सुरीला सापडत नाहीत.

केवळ औषधांचे सामर्थ्यही तोकडेच. ब्रिटनमधील ४१० रुग्णांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पित्तमार्गाचा कर्करोग बळावलेल्यांना जेमसिटाबिनच्या जोडीला सिस्प्लॅटिन दिल्यावर मध्यक जीवितकाल ८.१ महिन्यांवरून ११.७ महिन्यांवर गेला. लाभ खरा, परंतु बेताचा. म्हणून दोन्ही उपचारांची सांगड घालणे क्रमप्राप्त ठरते. जपानमधील ४४० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर 'एस-१' या औषधाचा क्रम दिलेल्या गटात तीन वर्षांनी ७७.१ टक्के रुग्ण हयात होते. केवळ शस्त्रक्रिया झालेल्या गटात हे प्रमाण ६७.६ टक्के होते. गाठ आरंभी काढण्याजोगी नसेल, तर आधी औषधांनी ती आक्रसवून निवडक रुग्णांवर मग शस्त्रक्रिया करण्याचा मार्गही अनुसरला जातो. मात्र त्याला मोठ्या तुलनात्मक चाचण्यांचे बळ अजून लाभावयाचे आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत शस्त्रक्रिया व केमोथेरपी या चहा-कॉफीसारख्या पर्यायी वस्तू नव्हेत. लेखणी व शाई यांसारख्या त्या पूरक वस्तू आहेत. एक घेऊन दुसरी टाळली, तर पहिलीवरील खर्चाचेही पुरते मोल मिळत नाही. सामान्य कुटुंबाची फसगत नेमकी येथेच होते. शस्त्रक्रियेसाठी दागिने गहाण पडतात, आप्तेष्ट हात देतात. नंतरचे औषध मात्र 'आता बरे वाटते आहे' म्हणून अर्ध्यावर सुटते. खिसा रिकामा झालेला असतो, तपासणीसाठीच्या खेपांत रोजगार बुडतो.

जपानने १९६१ साली सर्व नागरिकांना आरोग्य विम्याखाली आणले व १९७३ साली अतिखर्चिक उपचारांतील रुग्णाच्या वाट्याला मर्यादा घालण्याची तरतूद केली. महाराष्ट्रातही महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण प्रतिकुटुंब वार्षिक दीड लाखावरून पाच लाख रुपये करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. तो स्वागतार्हच आहे. परंतु रकमेची मर्यादा वाढविणे म्हणजे उपचार पूर्ण होण्याची हमी देणे नव्हे. शल्यविशारद आणि औषधतज्ज्ञ यांनी एकत्र बसून आरंभीच संपूर्ण उपचाराचा आराखडा ठरवावा, तो एकसंध मंजूर व्हावा, आणि प्रवास व निवास यांचा खर्चही त्यात धरला जावा. सरकारने यशाचे मोजमाप शस्त्रक्रियांच्या संख्येने न करता, उपचार पुरा केलेल्या रुग्णांच्या संख्येने करावे. अर्ध्यावर सुटलेला उपचार ही काटकसर नव्हे. तो सर्वांत महागडा अपव्यय होय.