लाकडाला कान लावून

माठ घेताना आपण त्याला टिचकी मारतो, कलिंगड घेताना थाप मारतो आणि नारळ घेताना तो कानाशी नेऊन हलवतो. त्यातून आपल्याला नेमके काय कळते असे कोणी विचारले तर पंचाईत होईल. पण आपण अगदीच लेचेपेचे गिऱ्हाईक नाही, एवढे दुकानदाराला कळावे हा त्यातला मुख्य हेतू असतो. यंदाच्या जूनमध्ये मी अशीच एक टिचकी गिटारवर मारली. दुकानदार हसला नाही. माझी मुलगी मात्र हसली, आणि माझ्या तीन आठवड्यांच्या अभ्यासाचा निकाल तिथल्या तिथे लागला.

त्याचे असे झाले. आमची कन्या दापोलीला वनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत ती पुण्याला आली ती एक मागणी घेऊनच. "बाबा, मला एक छोटी गिटार हवी. घाटातून जाताना मांडीवर घेऊन बसता येईल एवढी." पहिले वर्षभर ती खोलीतल्या मैत्रिणीची गिटार वाजवीत होती. मैत्रीण शिक्षण संपवून गेली आणि गिटारही गेली.

"छोटी म्हणजे लहान मुलांची का?" सौ.ने विचारले.

नव्हे. प्रवासी गिटार ही एक स्वतंत्रच जात आहे. नेहमीच्या मोठ्या गिटारीत तारेची वाजती लांबी साडेपंचवीस इंचांच्या आसपास असते. या छोट्या गिटारींत ती साडेतेवीस, काहींत पावणेतेवीस इंचांपर्यंत येते. पेटीही त्या मानाने आटोपशीर. १९९० नंतरच्या दहा वर्षांत अमेरिकन कारखानदारांनी अशा गिटारी मोठ्या प्रमाणावर काढल्या. त्यांतलीच एक, वल्ह्यासारखी अरुंद, १९९४ मध्ये 'कोलंबिया' यानातून अवकाशात जाऊन आली. तेव्हा दापोलीचा प्रवास तिला जड जाण्याचे कारण नव्हते.

हे सारे मी इतक्या हौसेने शोधून काढले त्याला कारण आहे. माझ्या वडिलांची एक मिरजेची सतार होती. मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रातली ती बातमी मी कापून ठेवली होती. मला पहिली नोकरी लागली ती एका आडगावच्या महाविद्यालयात. सामानाच्या ट्रकमध्ये गाद्यांच्या मधोमध ती सतार ठेवून मी निघालो. मुक्कामी पोचून गादी उलगडली, तर भोपळा वरपासून खालपर्यंत तडकलेला. 'पुढच्या सुट्टीत दुरुस्त करू' असे म्हणून मी तिला गवसणीत घातले. त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. वाद्य मोडले म्हणून वादन सुटले, असे मी लोकांना सांगतो. सुटायला निमित्तच हवे होते, असे सौ. सांगते. दोघांचेही थोडे थोडे खरे आहे.

म्हणून मी मनाशी ठरवले, की मुलीचे वाद्य घ्यायचे ते उत्तम लाकडाचे, अगदी अस्सल. थोडे कर्ज काढावे लागले तरी बेहत्तर!

आता लाकडाची गोष्ट. सतारीला असते तशी गिटारलाही तबली असते. तारा घोडीला हलवतात, घोडी तबलीला हलवते आणि तबली हवेला हलवते. मुख्य काम तबलीचे. छोट्या गिटारींत ही तबली बहुधा स्प्रूस किंवा महोगनी या दोन लाकडांपैकी एकाची असते. स्प्रूस वजनाला हलके आणि रेषांच्या दिशेने चांगलेच ताठ, म्हणून तारेचा हिसका त्यात चटकन पसरतो. आवाज मोठा आणि स्वच्छ येतो. महोगनी जरा जड. ते कंपनांचा काही भाग स्वतःच गिळून टाकते, त्यामुळे आवाजाची धार कमी होते. दुकानदार यांतल्या पहिल्याला 'ब्राइट' म्हणतात आणि दुसऱ्याला 'वॉर्म'.

मराठी शिकवणे हा माझा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे मी या शब्दांपाशी अडलो. ऊबदार गोधडी असते. ऊबदार आवाज कसा असेल? दोन दिवस विचार करून मी कन्येला सांगितले, "स्प्रूस म्हणजे देवळात कीर्तनाला उभ्या राहिलेल्या बुवांचा आवाज. मागच्या खांबापर्यंत खणखणीत पोचणारा. आणि महोगनी म्हणजे पहाटे माजघरात जात्यावर बसलेल्या आजीचा. जवळच्यालाच ऐकू येणारा, पण भरीव."

"छान आहे," ती म्हणाली. "पण बाबा, स्प्रूस हे देवदाराच्या कुळातलं झाड आणि महोगनी कडुनिंबाच्या. आणि तुमच्या सतारीचं लाकूड कुठलं?"

"तून."

"तोही कडुनिंबाच्याच कुळातला!"

सतार आणि महोगनीची गिटार या अशा लांबच्या चुलतबहिणी निघाल्या. मुलीला वनशास्त्र शिकवण्याचा खर्च वसूल झाला, असे मला त्या क्षणी वाटले.

तरीही माझा डोळा होता शिसवीवर. गिटारच्या पाठीसाठी आणि बाजूंसाठी ब्राझीलच्या शिसवीचा मोठा लौकिक होता. ती मिळेनाशी झाली तेव्हा, १९६९ मध्ये, मार्टिन या जुन्या अमेरिकन कंपनीने आपल्याकडची, म्हणजे भारतीय शिसवी वापरायला सुरुवात केली. ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून बंदी आहे. ज्या झाडाचे देव्हारे आणि झोपाळे आपल्या आजोबांनी केले, त्याच्या गिटारी साता समुद्रांपलीकडे वाजतात, म्हटल्यावर माझी छाती फुगली. घ्यायची तर सबंध शिसवी पाठीचीच, असे मी जाहीर केले. किंमत ऐकून सौ. काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मी जरा घाबरतो.

कन्येने मग मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली स्पेनमधली. अंतोनियो दे तोर्रेस हा गिटारकारांतला मोठा माणूस. त्याने १८६२ मध्ये एक गिटार अशी केली, की तिची तबली स्प्रूसची, पण पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. आवाजाचे खरे घर तबली आहे, हे त्याला दाखवायचे होते. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयात आहे. दुसरी गोष्ट इंग्लंडमधली. लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा गिटारी करवून घेतल्या. सगळे काही सारखे, फक्त पाठीचे आणि बाजूंचे लाकूड वेगळे. त्यात ब्राझीलची शिसवी होती, आपली शिसवी होती, महोगनीही होती. बावन्न वादकांना वेल्डरचे काळे चष्मे घालून, अंधाऱ्या खोलीत त्या वाजवायला दिल्या. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वादकांनी सगळ्या गिटारींना जवळजवळ सारखेच गुण दिले होते. महागड्या लाकडाने बाजी मारली नव्हती.

"म्हणजे शिसवी डोळ्यांना ऐकू येते," सौ. म्हणाली. इतका वेळ ती ऐकत होती तर!

मी तरी हट्टाने म्हणालो, "ते परक्यांचे कान. माझे कान सतारीवर तयार झालेले आहेत."

पेठेतल्या त्या दुकानात दुकानदाराने तीन छोट्या गिटारी काढून ठेवल्या. एक स्प्रूसच्या तबलीची आणि एक महोगनीच्या. दोघींची पाठ पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेली. तिसरी मात्र पुढून मागून कृत्रिम पत्र्याची. कागदाचे थर राळेत भिजवून आणि दाबून हा पत्रा करतात. आपल्या ओट्याखालच्या कपाटांना लावलेल्या सनमायकाचा हा सख्खा भाऊ. मी टिचकी मारली ती नेमकी या तिसरीवर, आणि म्हणालो, "वा! काय लाकूड आहे!" कन्या हसली ती इथे.

माझी परीक्षा व्हायची हे मग ओघानेच आले. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. कन्येने स्प्रूस आणि महोगनी उलटसुलट वाजवल्या. "ही मंद, म्हणजे महोगनी. ही टणत्कारी, म्हणजे स्प्रूस." दहापैकी दहा वेळा मी ठामपणे सांगितले आणि अभिमानाने वळलो. दहाही उत्तरे चुकली होती. सगळी अगदी नेमकी उलटी!

दुकानदार जाणता माणूस होता. तो म्हणाला, "सर, कान चांगला आहे तुमचा. फरक बरोबर ओळखलात, पण तो लाकडाचा नाही, तारांचा आहे. स्प्रूसवाली पुढे टांगलेली असते. येणारा जाणारा वाजवतो. घामानं तारा मेल्यात तिच्या." त्याने दोघींनाही एकाच जातीच्या नव्या कोऱ्या तारा चढवल्या, आणि मी पुन्हा भिंतीकडे वळलो. आता मात्र कान टवकारून ऐकावे लागले. जोराने छेडले की स्प्रूस पुढे सरसावे. महोगनी एका मर्यादेनंतर आवाज वाढवीतच नसे. हलक्या बोटांनी वाजवले की दोघींत भेद करणे कठीण. दहापैकी सात उत्तरे बरोबर आली. तारांच्या एका जोडाने होणारा फरक लाकडाच्या फरकाहून मोठा निघाला!

आणखीही एक गोष्ट ध्यानात आली. तिन्ही गिटारींचा खर्ज तोकडाच होता. मोठ्या गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजली की सेकंदाला सुमारे ८२ कंपने होतात. छोट्या पेटीतली हवा इतक्या खालच्या सुराला पुरेशी साथ देत नाही. कोणतेही लाकूड आणले तरी ही उणीव भरून निघत नाही. प्रवासाला सोपे हवे, तर तेवढा खर्ज सोडावा लागतो.

"आता सांग, कोणती?" मी विचारले. "सबंध अस्सल लाकडाचीही मागवता येईल. पैशांचा विचार तू करू नकोस."

तिने जरा थांबून उत्तर दिले. "बाबा, दापोलीचा पावसाळा तुम्ही पाहिलाय. कपाटातल्या चपलांना बुरशी येते. एकसंध लाकूड ओलाव्यानं फुगतं. तबली वर आली की तारा पडद्यांपासून उचलल्या जातात. एप्रिलमध्ये इथे पुण्यात आणली की तीच तबली आकसते, मग चीर जाते. हवेतला दमटपणा पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के ठेवा म्हणतात. होस्टेलवर कोण ठेवणार? आडव्याउभ्या थरांची पाठ निदान इतकी हलत नाही. एकटी तबली मी सांभाळीन. सबंध अस्सल घेतली तर मी तिला जपतच बसेन, वाजवणार नाही."

नंतर ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "आपल्या सतारीचं तसंच झालं ना?"

मी दुकानातल्या बासऱ्यांकडे पाहू लागलो.

तिने महोगनीची घेतली. कारण विचारले तर म्हणाली, की खोलीत तिघी राहतो, एकीची परीक्षा असतेच. आणि मला गाण्याखाली वाजवायला हवी, गाण्यावर नको. मैदानात शेकोटीभोवती वाजवायची असती, तर स्प्रूसच घेतली असती. लाकूड कोणते चांगले हा प्रश्न तीन आठवडे मी विचारीत होतो. कुठे, कोणासाठी आणि किती जोराने वाजवायचे, हे तिने विचारले, आणि उत्तर पाच मिनिटांत मिळाले.

उरलेल्या पैशांतून जाड अस्तराची गवसणी, तारांचे तीन जोड आणि ओलावा शोषणाऱ्या पुड्या घेतल्या. पुड्या पावसाळ्यात गवसणीत टाकायच्या, आणि उन्हाळ्यात पुण्याला आली की त्यांऐवजी छिद्रांच्या डबीत ओला स्पंज. बंद मोटारीत उन्हात गिटार कधीही ठेवायची नाही. ही सूचना मी तिला चार वेळा केली. पाचव्यांदा तिनेच मला म्हणून दाखवली.

स्वारगेटला तिला गाडीत बसवले तेव्हा पाऊस सुरू झाला होता. गिटार मांडीवर नीट मावली. गाडी हलली, तिने गवसणीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने आम्हांला टाटा केला. घरी परत येताना सौ. आणि मी फारसे बोललो नाही.

आता रविवारी रात्री फोनवर ती आम्हांला एखादे गाणे ऐकवते. फोनवरून स्प्रूस काय, महोगनी काय, काही कळत नाही. ते कळावे असे आता वाटतही नाही.

ऑगस्टमधल्या अशाच एका रात्री फोन ठेवल्यावर मी स्टूल घेतले आणि कपाटावरून सतार खाली काढली. गवसणीवर बोटभर धूळ होती. तुनाच्या तबलीवर हलकी टिचकी मारली. अजून बोलते. दुसऱ्या दिवशी मिरजेच्या एका कारागिराला फोन केला. ते म्हणाले, "दांडी सरळ आहे ना? तबलीला चीर नाही ना? मग घेऊन या. भोपळा नवा बसवता येतो."

या वेळी मी ती ट्रकमधून नेली नाही. दोन तिकिटे काढली आणि शेजारच्या आसनावर बसवून नेली. दिवाळीला कन्या घरी येईल तोवर सतारही आलेली असेल. वाजवता येईल की नाही, ते मात्र विचारू नका. वीस वर्षांनी बोटांना नखी घातली तर आधी ओरडणार ती बोटेच!