हवेचा अंदाज कोणासाठी?

पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने दिल्लीत ‘सफर’ ही यंत्रणा उभी केली. २०१३ साली ती पुण्यात आली. आपल्या बाजूला निगडी आणि भोसरी इथे हवा मोजणारी यंत्रे बसली. उद्या-परवाची हवा कशी असेल, हे आधी सांगता येऊ लागले. ही मोठीच गोष्ट आहे. पण आकुर्डीत राहणाऱ्या, राबणाऱ्या बाईपर्यंत त्यातले काय पोचते, हे आपण विचारायला हवे.

हा अंदाज बांधतात कसा? पाऊस सांगणारे गणितच इथे पुढे नेलेले असते. आकाशाचे लहान लहान चौकोन कल्पून प्रत्येकात वारा, तापमान, ओल किती, ते संगणक काढतो. मग त्यात धुराची जमाखर्चाची वही जोडायची: कुठल्या रस्त्यावर किती गाड्या, कुठे भट्ट्या, कुठे बांधकाम, कुठे सरपण. वारा तो धूर कुठे नेईल आणि वाटेत त्याचे काय होईल, याचा हिशेब मग मांडता येतो. वारा पूर्वेचा असला तर भोसरी-कुदळवाडीकडचा धूर आकुर्डीवर येतो, पश्चिमेचा असला तर आपला धूर त्यांच्याकडे जातो. हवेला प्रभागाच्या हद्दी कळत नाहीत.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, आणि वरच्या उबदार हवेचे जणू झाकण बसते. धूर खालीच कोंडतो. ऊन तापले की हे झाकण उठते. म्हणजे पहाटेपासून सकाळी ऊन चढेपर्यंतची वेळ सर्वांत वाईट. नेमक्या त्याच वेळी कंत्राटी सफाई कामगार बाया झाडू घेऊन रस्त्यावर असतात, कचरावेचक बाया फेरीला निघतात, आणि घरोघरी स्वयंपाक चालू असतो.

अशा दिवशी सूचना काय मिळते? खिडक्या बंद ठेवा, श्रमाची कामे टाळा, चांगल्या प्रतीचा मास्क लावा. रोजंदारीवरच्या बाईने श्रम टाळायचे म्हणजे चूल बंद ठेवायची. ज्यांच्या हाती सवड आहे त्यांच्यासाठीच हा सल्ला लिहिलेला आहे.

दिल्लीत २०१७ पासून टप्प्याटप्प्याची कृती योजना लागू आहे, आणि २०२२ पासून आकडा चढण्याची वाट न पाहता अंदाजावरूनच बंधने घालण्याचे धोरण आले. अंदाजाला हुकमाची जोड मिळाली, हे चांगलेच झाले. पण बांधकामे थांबली तेव्हा मजुरीही थांबली. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की कामगारांच्या नावाने गोळा केलेल्या उपकरातून त्यांना निर्वाहापुरते पैसे द्या. हा धडा आपण आधीच घेऊ या. शुद्ध हवेची किंमत कष्टकऱ्यांच्या खिशातून वसूल होता कामा नये.

दुसरा मुद्दा त्या वहीचा. ती काही वर्षांतून एकदा तयार होते. सिलिंडर परवडेनासा झाला की वस्तीत चूल पुन्हा पेटते; वहीला ते कळत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीतली भंगाराची गोदामे पाडली गेली. तो धंदा जिथे जाईल तिथे त्याचा धूरही जाईल. हे बदल सर्वांत आधी कळतात ते तिथे राहणाऱ्या बायांना. शिवाय यंत्र मोजते ते बाहेरची हवा. दहा बाय दहाच्या खोलीतल्या चुलीपाशी बसलेली बाई किती धूर गिळते, हे चौकातल्या आकड्यावरून समजत नाही.

भोपाळ आपण विसरलेल्या नाही. १९८४ च्या डिसेंबरातली ती थंड रात्र होती, वायू जमिनीलगत राहिला आणि वाऱ्याबरोबर वस्त्यांत शिरला. कुठल्या दिशेने पळावे, तोंडावर ओले फडके धरावे, एवढेही लोकांना कोणी सांगितले नाही. औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी वाऱ्याची माहिती हा जगण्याचा हक्क आहे.

म्हणून महिला मंडळांनी, बचत गटांनी आणि कामगार संघटनांनी मिळून काही मागण्या लावून धराव्यात. हवेचा अंदाज सोप्या मराठीत अंगणवाडी, रेशन दुकान आणि सफाई कामगारांच्या हजेरी कोठीवर रोज लागावा. वाईट दिवशी रस्ते झाडण्याची वेळ ऊन चढल्यावर करावी, धूळ आधी पाणी मारून बसवावी, आणि कोणाचाही खाडा धरू नये. काम थांबवले तर मजुरी मिळावी. धुराची वही दरवर्षी सुधारावी, आणि त्यात वस्तीतल्या बायांनी केलेली नोंद धरावी.

ही नोंद सुरू करायला परवानगी लागत नाही. कुठे, किती वाजता, कसला धूर, वारा कुठून: एक वही आणि आठ-दहा जणी पुरेत. या हिवाळ्यात आपापल्या वस्तीत ती उघडा, आणि पुढच्या प्रभाग सभेत अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवा.