रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखणे खरेच

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एक वाक्य असे आहे, की ते ऐकून रुग्णाला हायसे वाटायला हवे. पण अनेकदा त्याचा चेहरा उतरतो. ‘तुमचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत.’ वर्षभर पाठ दुखणारी गृहिणी, रोज संध्याकाळी डोके धरून बसणारा कारकून, छातीत दुखते म्हणून तिसऱ्यांदा ईसीजी काढणारा तरुण रिक्षाचालक, यांना या वाक्यात दिलासा ऐकू येत नाही. त्यांना ऐकू येते ते असे : ‘तुम्हाला काही झालेले नाही, उगाच आलात.’ त्यातून डॉक्टरने पुढे ‘घरी काही ताण आहे का?’ असे विचारले, तर तो प्रश्न आरोपासारखा लागतो. ‘डॉक्टर, म्हणजे मी नाटक करतेय का?’ हे उत्तर मेडिसिनच्या ओपीडीत बसणाऱ्या बहुतेक डॉक्टरांनी ऐकलेले असते.

या गैरसमजाची किंमत मोठी आहे. नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन रुग्ण थांबत नाही, तो दुसरा डॉक्टर गाठतो. तिथे पुन्हा रक्ततपासणी, पुन्हा सोनोग्राफी, मग उसनवारी करून काढलेला एमआरआय. मधल्या काळात मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या वेदनाशामक गोळ्या चालूच. अशा गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्याने जठरात अल्सर होतो, मूत्रपिंडांना इजा होते. म्हणजे ज्याच्या शरीरात सुरुवातीला मोठी इजा नव्हती, त्याला ती उपचारांतून मिळते. दुखणे मात्र जागच्या जागी राहते. एवढ्या फेऱ्यांत मूळ कारणाबद्दल कोणी बोललेलेच नसते, कारण ते बोलायची लाज वाटते.

वेदनेविषयी आपल्या डोक्यात एक सोपे चित्र असते. जिथे दुखते तिथे काहीतरी तुटले, सुजले किंवा दबले असणार. आणि जेवढी इजा मोठी, तेवढे दुखणे मोठे. हाड मोडले किंवा चटका बसला तर हे बरेचसे खरे असते. पण नेहमी नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम केलेले अमेरिकी भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी १९४६ मध्ये गंभीर जखमी सैनिकांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश सैनिकांना वेदनाशामक औषध नको होते. जखम भयंकर होती. पण जीव वाचला, आघाडीवरून सुटका झाली, आता घरी जायला मिळणार, असा तिचा अर्थ होता. याच्या उलट उदाहरणही वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले आहे. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या नोंदीनुसार ब्रिटनमधल्या एका बांधकाम कामगाराच्या बुटातून पंधरा सेंटिमीटरचा खिळा आरपार गेला. तो इतका विव्हळत होता की भुलीची औषधे देऊन बूट काढावा लागला. खिळा दोन बोटांच्या मधून गेला होता, पायाला ओरखडाही नव्हता. तो कामगार खोटे बोलत होता का? मुळीच नाही. त्याच्या मेंदूने समोरच्या पुराव्यावरून धोका ठरवला आणि वेदना निर्माण केली.

वेदना हा मेंदूने शरीराच्या रक्षणासाठी दिलेला इशारा आहे. शरीराकडून येणारे संदेश मज्जारज्जूत पोहोचतात आणि तिथे त्यांना एक प्रकारचे फाटक लागते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये हा ‘गेट कंट्रोल’ सिद्धांत मांडला. त्याच्या तपशिलांत पुढे बदल झाले, पण गाभा टिकला : मेंदूकडून खाली येणारे आदेश हे फाटक उघडू शकतात आणि बंदही करू शकतात. भीती, चिंता, अपुरी झोप, एकटेपणा यांनी ते उघडते. सुरक्षित वाटले, लक्ष दुसरीकडे गेले, आशा वाटली की ते मिटते. वेदना आणि भावना यांचे काम मेंदूतल्या अनेक सामाईक भागांत चालते. म्हणूनच वेदनेच्या अभ्यासासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये केलेल्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येत वेदनेला ‘संवेदनात्मक आणि भावनिक अनुभव’ म्हटले आहे. भावना हा शब्द व्याख्येतच आहे, तो कोणी नंतर चिकटवलेला नाही.

ताण दीर्घकाळ राहिला की शरीरात आणखी गोष्टी घडतात. मान, खांदे, जबडा, कंबर यांचे स्नायू आखडलेले राहतात. झोप तुटते आणि झोप तुटली की वेदना सहन करण्याची मर्यादा खाली येते. आतड्यांचे चेतातंतू हळवे होतात. पोट मुरडते, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ. शेवटी मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील होते. चोर आल्यावर वाजावा म्हणून गाडीला अलार्म बसवावा आणि तो मांजर बॉनेटवर चढली तरी वाजू लागावा, तसे हे असते. अलार्म खराच वाजतो, आवाजही खरा असतो. बिघाड त्याच्या सेटिंगमध्ये असतो. अशा गाडीची काच बदलून काय उपयोग?

खरे तर मराठी माणसाला हे नवीन नाही. भीतीने आपल्या पोटात गोळा येतो, वाईट बातमीने हातपाय गळतात, कोणाच्या बोलण्याने डोके उठते. परीक्षेच्या सकाळी मुलाला दोनदा संडासला जावे लागले तर घरात कोणी त्याला नाटकी म्हणत नाही. मग तोच ताण दहा मिनिटांऐवजी दहा वर्षे टिकला, तर शरीर गप्प बसेल असे कसे मानायचे? भावनेचा शरीरावर किती परिणाम होऊ शकतो याचे टोकाचे उदाहरण म्हणजे ‘टाकोत्सुबो’. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याचे वर्णन केले. जवळच्या माणसाच्या मृत्यूसारख्या धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुगतो आणि नीट आकुंचन पावत नाही. ईसीजी बदलतो, लक्षणे हार्ट अटॅकचीच. पण अँजिओग्राफीत हा त्रास होण्याजोगा अडथळा सापडत नाही. हे कोणाच्या कल्पनेत घडत नाही, सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसते.

एमआरआयवरच्या आपल्या श्रद्धेबद्दलही बोलायला हवे. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ हे शब्द आता घरोघरी पोहोचले आहेत. पण १९९४ मध्ये अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय तपासले, तेव्हा ५२ टक्के लोकांत किमान एका ठिकाणी गादी फुगलेली दिसली. २०१५ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात कसलाही त्रास नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत गादीची झीज आढळली. केस पांढरे होतात तशी मणक्यांचीही झीज होते. काही रुग्णांत नस खरोखर दबते, त्यांना शस्त्रक्रियाही लागते. पण फिल्मवर ‘गॅप’ दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे म्हणता येत नाही.

तरीही रुग्णाला ‘गॅप’ हवी असते आणि ‘ताण’ नको असतो. याचे कारण अडाणीपणा नाही. मणक्याच्या दुखण्याला समाजात मान आहे. फिल्म दाखवली की सुनेला वाकून काम न करण्याची मुभा मिळते, कामगाराला हलके काम मिळते, मुलगा गावाहून भेटायला येतो. ‘ताणामुळे दुखते’ म्हटले की यातले काहीच मिळत नाही. उलट ‘ताण कोणाला नाही?’ असे सुनावले जाते. म्हणून रुग्ण विनवतात, ‘केसपेपरवर तसं लिहू नका, घरी वाचतात.’ मानसोपचार विभागाची चिठ्ठी दिली की कोणाला येरवडा आठवते, कोणाला ठाणे. लग्नाची मुलगी असेल तर आई चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवते आणि ती पुन्हा उघडली जात नाही.

आणखी एक कारण याहून खोल आहे. दुखण्याचे मूळ ताणात आहे असे मान्य केले, की तो ताण कोणामुळे हा प्रश्न येतो. नवऱ्याचे दारू पिणे, सावकाराचे कर्ज, सासरचा जाच, साहेबाची दमदाटी, मुलाची सुटलेली नोकरी. मणका कोणावर बोट ठेवत नाही, ताण ठेवतो. त्यामुळे घराला सोयीचे निदान मणक्याचे असते, आणि बहुधा रुग्णालाही. गोव्यात सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असल्याची तक्रार करणाऱ्या स्त्रियांत त्या थकव्याचा संबंध हिमोग्लोबिनशी आढळला नाही. तो गरिबी, मानसिक त्रास आणि नवऱ्याकडून होणारा छळ यांच्याशी आढळला. अशा बाईला लोहाची गोळी आणि सलाईन देऊन पाठवणे सोपे असते. पण तिच्या तक्रारीचा अर्धा भाग आपण ऐकलेलाच नसतो.

यात आम्हा डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. ‘फंक्शनल आहे’ असे एकमेकांत बोलून रुग्ण पुढे ढकलण्याची सवय वैद्यकीय महाविद्यालयातच लागते. गर्दीच्या ओपीडीत एका रुग्णाला दोन-तीन मिनिटे मिळतात. तेवढ्यात संसाराची गोष्ट ऐकता येत नाही, तपासणीची चिठ्ठी मात्र लिहिता येते. पण ‘काही झालेले नाही’ हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्याही चूक आहे. काहीतरी झालेलेच असते. ते आपल्या यंत्रात दिसत नाही एवढेच. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या अशा दुखण्याला स्वतंत्र स्थान आहे. तिथे ते ‘क्रॉनिक प्रायमरी पेन’ म्हणून, स्वतःच एक आजार म्हणून नोंदवले जाते.

याची दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे सांगायला हवी. न तपासता ‘ताण आहे’ म्हणणे हा निष्काळजीपणा आहे, आणि त्याचा फटका स्त्रियांना अधिक बसतो. बाई घाबरली आहे असे समजून तिचा हार्ट अटॅक नजरेतून सुटतो. घाम आणि दम लागून छातीत दुखणे, अचानक उद्भवलेली असह्य डोकेदुखी, वजन घटणे, ताप, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, पायातली शक्ती जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, यांपैकी काही असेल तर तपासण्या तातडीने व्हायलाच हव्यात. ताणाचे निदान हे कारण सापडत नाही म्हणून चिकटवायचे लेबल होऊ नये. त्यालाही पुरावा लागतो. दुखणे कधी सुरू झाले, तेव्हा आयुष्यात काय चालले होते, ते कधी कमी होते, झोप कशी आहे, हे विचारल्यावर तो पुरावा पुष्कळदा मिळतो. आणि संधिवात किंवा कर्करोगासारख्या उघड शारीरिक आजारातही ताणामुळे वेदना वाढतेच. शरीर की मन, असा हा प्रश्न नसतोच.

उपचार आहेत, हे फार कमी लोकांना माहीत असते. रोजचे चालणे, हळूहळू वाढवलेला व्यायाम, झोपेची शिस्त, समुपदेशन, आणि दुखते म्हणजे इजा होत आहे ही भीती घालवणे. अमेरिकेत जुनी पाठदुखी असलेल्या १५१ जणांवर झालेला एक प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूकडून येणारा हा इशारा धोक्याचा नाही, हे शिकवणारे चार आठवड्यांचे मानसोपचार एका गटाला दिले. त्या गटातले ६६ टक्के रुग्ण वेदनामुक्त किंवा जवळजवळ वेदनामुक्त झाले. नेहमीचेच उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण १० टक्के होते. एका प्रयोगावर सगळे ठरत नाही, पण दिशा कळते. औषधांतही अमिट्रिप्टिलीनसारखी गोळी अल्प मात्रेत वेदनेचे फाटक मिटवायला मदत करते. गंमत अशी की रुग्ण मोबाइलवर नाव शोधतो, ‘डिप्रेशनची गोळी’ असे वाचतो आणि दुसऱ्या दिवशी ती बंद करतो. गोळी लिहून देतानाच ती का दिली हे सांगितले, तर ही वेळ बऱ्याचदा येत नाही.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची वेगळी, दूरच्या कोपऱ्यातली खोली असण्यापेक्षा समुपदेशक मेडिसिन आणि हाडांच्या ओपीडीतच बसावा, असे माझे मत आहे. रक्तदाब मोजतात तितक्या सहजपणे झोप आणि काळजी यांची चौकशी व्हावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांच्या जोडीने प्रशिक्षित समुपदेशक काम करू शकतात आणि त्याचा उपयोग होतो, हेही गोव्यातच २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले आहे. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही, माणूस लागतो आणि त्याचा पगार लागतो.

घरच्यांना एकच विनंती. दुखते म्हणणाऱ्या माणसाला ‘मनावर घेऊ नकोस’ असे सांगू नका, ‘कधीपासून दुखतंय?’ असे विचारा आणि उत्तर संपेपर्यंत थांबा. रुग्णांनी पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टांच्या फाइलबरोबर झोपेची आणि घरातल्या काळजीची गोष्टही आणावी, विचारले नाही तरी सांगावी. डॉक्टरांसमोर बोलणे जड जात असेल, तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते. तिथे बोलायला केसपेपर लागत नाही.