झालं गेलं गंगेला मिळालं?



"झालं गेलं गंगेला मिळालं" ही म्हण आपण फार सढळ हाताने वापरतो. पण कोण वापरतं ते कधी नीट पाहिलंय का? ज्याचं काही गेलेलं असतं तो सहसा ही म्हण वापरत नाही. वापरतो तो एक तर ज्याने घालवलं तो, नाही तर बाजूला उभा राहून बघणारा, ज्याला हे प्रकरण एकदाचं मिटून जेवायला बसायचं असतं.

हा विषय गेले काही दिवस डोक्यात घोळतोय त्याला कारण झाला एक कॉम्प्युटर गेम. हसू नका! पंचाहत्तरी जवळ आलेल्या बाईने गेम खेळायचा म्हणजे काय, असं आमच्या घरातही झालंच. पण यात पळापळ, मारामारी काही नाही. याला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात. पडद्यावर चित्र, मागे संगीत, आणि खाली मजकूर. एक बटण दाबलं की पुढचं वाक्य येतं. थोडक्यात, ही वाचायचीच कादंबरी. मधूनमधून तुम्हाला विचारते, आता काय करू? भाचीच्या मुलीने माझ्या लॅपटॉपवर घालून दिली आणि म्हणाली, "आजी, तुला रडवणार बघ." इंग्रजी अनुवाद वाचायला मला वेळ लागला, डिक्शनरी शेजारी ठेवावी लागली, पण सोडवेना.

नाव 'द हाऊस इन फाटा मॉर्गना'. मूळ जपानी, नोवेक्टॅकल नावाच्या छोट्या गटाने २०१२ च्या अखेरीस काढलेली, लेखन केइका हानादा यांचं. इंग्रजीत आली २०१६ मध्ये. फाटा मॉर्गना म्हणजे एक प्रकारचं मृगजळ. इटली आणि सिसिली यांच्या मधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीत ते दिसतं, आणि आर्थर राजाच्या गोष्टीतल्या मॉर्गन या जादूगारणीवरून त्याला हे नाव पडलं. नावच किती बोलकं आहे पाहा. जे दिसतंय ते तसं नाही.

(ज्यांना स्वतः वाचायची आहे त्यांनी इथे थांबावं. शेवट सांगणार नाही, पण थोडं रहस्य फुटेलच.)

एका जुन्या वाड्यात एकजण जागा होतो. आपण कोण, हे त्याला आठवत नाही. समोर एक मोलकरीण, ती त्याला 'मालक' म्हणते आणि एकेक दार उघडून वाड्यात घडून गेलेल्या शोकांतिका दाखवते. पहिलं दार १६०३ सालचं. गुलाबांची बाग, एक भाऊ, एक बहीण, आणि भावाच्या मनात दुसरी मुलगी आल्यावर बहिणीची होणारी घुसमट. दुसरं १७०७ सालचं. तिथे राहणारा स्वतःला श्वापद समजतो आणि माणसं मारतो. तिसरं १८६९ सालचं. रेल्वेच्या धंद्यात वर आलेला एक महत्त्वाकांक्षी गृहस्थ, बायकोवर प्रेम आहे, पण तोंडातून गोड शब्द फुटत नाही, आणि त्या अबोल्यातच तिचं आयुष्य करपतं. सगळ्या गोष्टींत एक पांढऱ्या केसांची मुलगी भेटत राहते. तिचं कोडं मी फोडत नाही.

तीन दारं पाहून होईपर्यंत आपली समजूत अशी होते की या वाड्याला एका चेटकिणीचा शाप आहे, नाव मॉर्गना, आणि ही बिचारी माणसं त्या शापाची बळी आहेत. मलाही त्यांची दयाच आली. मग चौथं दार, १०९९ सालचं. तिथून गोष्ट हळूहळू उलटी फिरते. मोलकरणीने जे सांगितलं त्यात काही गाळलेलं होतं, काही बदललेलं होतं, हे कळायला लागतं. आणि शेवटी त्या चेटकिणीचीच हकिगत येते. ती मुळात एक गरीब मुलगी. तिच्या रक्ताने रोग बरे होतात असं लोकांच्या मनाने घेतलं. आधी तिला संत केलं, मग त्या रक्तासाठीच तिचे हाल केले. पुढे तीन पुरुषांनी, आपापल्या वेळी, आपापल्या कारणाने, तिचा घात केला. तेव्हा तिने शाप दिला. आधीच्या तीन दारांमागे आपण ज्यांच्यासाठी हळहळलो, ते हेच तिघे, पुन्हा जन्म घेऊन आलेले!

मला इथे दुष्यंत आठवला. बी.ए.ला शाकुंतल अभ्यासताना आमचे सर एक गोष्ट आवर्जून सांगत. महाभारतातल्या मूळ गोष्टीत दुर्वासाचा शाप नाही, अंगठीही नाही. राजाला सगळं आठवत असतं, तरी तो भर सभेत शकुंतलेला ओळख देत नाही. आकाशवाणी झाल्यावर मग तिला स्वीकारतो. कालिदासाने शाप घातला, विस्मरण घातलं, आणि राजाचा अपराध सौम्य झाला. नाटक म्हणून ते सुंदरच आहे. पण शाप ही अपराध्याला फार सोयीची गोष्ट असते, हे त्यातून कळतं. "माझ्या हातून झालं खरं, पण तेव्हा मी माझ्यात नव्हतो." आजच्या भाषेत आपण याला परिस्थिती म्हणतो, टेन्शन म्हणतो, दारू म्हणतो.

या गोष्टीत नेमकं उलट केलंय. आधी शाप दाखवून आपल्याला त्या माणसांच्या बाजूचं केलं, आणि मग विचारलं, शाप कशामुळे लागला ते विचारलंत का? नाही विचारलं. कारण चेटकीण म्हटल्यावर आपण कारण विचारतच नाही.

दुसऱ्या दारातल्या त्या श्वापदाबद्दल मी पुष्कळ विचार केला. तो श्वापद नाहीच, माणूसच आहे. पण "मी जनावर आहे" असं म्हणणं सोपं असतं. जनावराला कोण जाब विचारणार? आपल्याकडेही "मी पापी आहे, मी नालायक आहे" म्हणत कपाळ बडवून घेणारे असतात. ऐकणाऱ्याला वाटतं, केवढा पश्चात्ताप! पण नीट ऐका. त्यात 'मी' पुष्कळ असतो, आणि जिचं नुकसान केलं तिचं नावसुद्धा नसतं. उलट तिलाच म्हणावं लागतं, "जाऊ द्या हो, एवढं मनाला लावून घेऊ नका." म्हणजे जखम हिची आणि समजूतही हिनेच घालायची.

प्रायश्चित्त हा आपल्याकडे केवढा मोठा विषय. याज्ञवल्क्यस्मृतीचे तीन भाग आहेत, आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासातही त्यावर विस्ताराने लिहिलं आहे. मनुस्मृतीत पाप फिटण्याचे मार्ग सांगितलेत ते असे: केलेलं पाप स्वतः उघड सांगणं, पश्चात्ताप, तप, अध्ययन, आणि ते न जमल्यास दान. यात 'उघड सांगणं' पहिलं आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. पण या यादीत एक माणूस दिसत नाही, ज्याचा अपराध केला तो! चोरीचा माल परत करावा असं सांगितलेलं आहे, ते ठीक. पण विश्वास चोरला असेल, तारुण्य चोरलं असेल, तर काय परत करणार? आणि त्या माणसाला विचारणार कोण?

या जपानी गोष्टीचं मोठेपण मला इथे दिसलं. यातला नायक, त्याचं नाव मिशेल, स्वतः घरच्यांनी छळलेला आहे. तो मॉर्गनापाशी येतो तेव्हा आधी तिचं सगळं ऐकतो. पहिल्यापासून, न गाळता. तिचं दुःख आधी पुरं समजून घेतल्याशिवाय पुढचा रस्ता नाही, अशीच त्या गोष्टीची रचना आहे. आणि माफी मागणं व माफी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ती गोष्ट कधी विसरत नाही. पहिली अपराध्याच्या हातात आहे. दुसरी नाही.

आता आपल्या माणसांबद्दल थोडं. आमच्या नात्यात एक बाई होत्या. नाव घेत नाही, वाचणाऱ्या काहींना कळेलच. तरुणपणी नवरा गेला. "सह्या कर वहिनी, सगळं तुझ्या भल्यासाठीच" म्हणून दिराने कागद पुढे केले, आणि त्यांच्या वाटणीची जमीन गेली. पुढची चाळीस वर्षं त्यांनी शिवणकाम केलं, दोन मुली मार्गाला लावल्या. शेवटी दीर अंथरुणाला खिळले तेव्हा सगळे नातेवाईक यांच्या मागे लागले. "माणूस चाललाय, आता तरी माफ करून टाका, त्याचा जीव अडकलाय." त्या गेल्या. उशाशी बसल्या, चमच्याने पाणी पाजलं. दिरांनी हात जोडले. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नाही. पण ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, आणि विसरलेही नाही." आणि पुन्हा पाणी पाजलं.

बाहेर आल्यावर बायका कुजबुजल्या, केवढं हे काळीज दगडाचं! मला तेव्हाही तसं वाटलं नव्हतं, आज तर मुळीच वाटत नाही. दगडाचं काळीज असतं तर त्या आल्याच नसत्या. त्यांनी सूड सोडला होता, पण खरं सोडलं नव्हतं. आपण मात्र या दोन्हींची गल्लत करतो आणि म्हणतो, खरंही सोड, म्हणजे आम्हाला बरं वाटेल.

कुणी म्हणेल, मग मॉर्गनासारखं शाप देत बसायचं का? तेही नाही. शाप देणारी मॉर्गना स्वतःच त्या वाड्यात शतकानुशतकं अडकून पडली. अश्वत्थाम्याला भळभळती जखम घेऊन भटकायला लावलं, पण त्याने द्रौपदीची मुलं परत आली नाहीत. राग धरून ठेवण्याची किंमत धरणाऱ्यालाच मोजावी लागते, हे मान्य. पण ती किंमत मोजायची की नाही, हे तिने ठरवायचं. आपण फार तर तिच्याजवळ बसावं आणि ऐकावं.

म्हणून म्हणते, पुढच्या वेळी घरातल्या भांडणात "झालं गेलं गंगेला मिळालं" ओठावर आलं की ते गिळा आणि त्याऐवजी विचारा, "काय झालं होतं, मला सगळं सांगशील का?" मग तासभर गप्प बसा. मी वर्गात चौतीस वर्षं बोलत आले, त्यामुळे गप्प बसणं किती अवघड असतं ते मी जाणून आहे!

असो. लेख लांबला. तुम्हाला काय वाटतं ते कळवा, पटलं नसेल तर जरूर कळवा.