पॉलिशखाली झाकलेला ऐब



या उन्हाळ्यात आमच्या घरची बारा वर्षे जुनी गाडी विकायचे ठरले. मुलीच्या पुढच्या शिक्षणाची फी भरायची होती. गाडीचे इंजिन ठणठणीत, कागदपत्रे पूर्ण. दोष एकच होता. टपावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे पडले होते, आणि एका कडेला नखाने खरवडले की कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा निघत होता.

जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारे एक ओळखीचे गृहस्थ गाडी पाहून गेले. म्हणाले, "सर, पेंटिंगच्या भानगडीत पडू नका. तेलकट पॉलिश मिळते, ते सकाळी चोळा आणि गिऱ्हाइकाला मगरिबच्या सुमारास बोलवा. चट्टे दिसणार नाहीत. पंधरा-वीस हजार सहज जास्त येतील." एवढे पैसे म्हणजे फीचा एक हप्ता. खोटे कशाला सांगावे, त्या रात्री घरात या सल्ल्यावर बराच वेळ बोलणे झाले. कुणी लगेच 'नाही' म्हटले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही नांदुऱ्याजवळ हायवेवर डेंटिंग-पेंटिंगचे काम करणाऱ्या मिस्त्री चाचांकडे गाडी नेली. त्यांनी टपावरून बोट फिरवले आणि म्हणाले, "सर, हा रंग गेलेला नाही. रंगावरचे क्लिअर गेले आहे." पुढचा तासभर त्यांनी जे समजावले ते गाडी असलेल्या प्रत्येक घराच्या उपयोगाचे आहे, म्हणून येथे देत आहोत.

पूर्वीच्या गाड्यांना रंग हाच शेवटचा थर असे. पॉलिश करताना फडक्याला रंग लागायचा. आजच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वर गंजरोधक थर, प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. चमक त्याचीच, आणि उन्हापासून रंगाचे रक्षणही तोच करतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतात, आणि त्यात क्लिअर कोट ४० ते ५०. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या थरावर गाडीचे सगळे रूप उभे आहे तो केसाहूनही पातळ आहे. दरवेळी घासून पॉलिश करताना त्यातूनच थोडा थोडा जातो आणि तो परत येत नाही.

आमच्या घाटाखालच्या भागात या थराचा पहिला शत्रू ऊन आणि दुसरा पाणी. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावतीप्रमाणे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही पसरला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या लोकांना बोअरच्या खाऱ्या पाण्याबद्दल काही सांगायला नको. हेच पाणी आपण भर उन्हात गाडीवर ओततो. पाणी उडून जाते, क्षार राहतात. लोणार सरोवराचे पाणी आटले की काठावर पांढरी खार उरते, तोच प्रकार बॉनेटवर थेंबाथेंबाने होतो. ताजे डाग निघतात. जुने झाले की ते क्लिअरमध्ये खड्डा करून बसतात.

म्हणून गाडी सकाळी लवकर किंवा असरनंतर, सावलीत आणि पत्रा थंड असताना धुवावी. आधी साध्या पाण्याने धूळ उतरवावी, मग फडके लावावे. कोरड्या धुळीवर पिवळे फडके फिरवणे म्हणजे बारीक वाळूने घासणे. उन्हात पाहिल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे जे गोल ओरखडे दिसतात ते यातूनच येतात. पाणी खारे असेल तर थेंब सुकू देऊ नयेत, मऊ मायक्रोफायबर कापडाने लगेच टिपून घ्यावेत. डाग पडलाच तर पांढरा सिरका आणि तितकेच पाणी मिसळून कापडाने मिनिटभर लावावे आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. लिंबाखाली गाडी लावली तर पक्ष्यांची विष्ठा पडणारच. ती त्याच दिवशी ओल्या कापडाने भिजवून उचलावी, खरवडू नये. आणि धुळीने भरलेल्या गाडीवर कव्हर घालू नये. वारा आला की तेच कव्हर कानसीचे काम करते.

आता दुरुस्ती. चाचांनी साधी परीक्षा सांगितली. ओरखड्यावरून नख आडवे फिरवा. नख अडकले नाही तर ओरखडा क्लिअरच्या वरच्या भागात आहे, तो बारीक रबिंग आणि नंतर पॉलिशने जाईल. नख अडकले तर घासत बसू नका, क्लिअर संपेल आणि ओरखडा राहील. गाडी नुसती धुरकट झाली असेल तर रबिंगने बऱ्याचदा चमक परत येते. पण पापुद्रे सुटायला लागले की कोणतेही पॉलिश, कोणतेही मेण उपयोगाचे नाही. सुटलेल्या क्लिअरवर नवे क्लिअर मारले तर तेही त्याच्यासोबत सुटते. तो पूर्ण भाग, म्हणजे आमच्या बाबतीत अख्खे टप आणि अख्खे बॉनेट, वॉटर पेपरने घासून, बेस कोट मारून पुन्हा क्लिअर करावे लागते. मधूनच टचिंग केले की कड दिसते.

नव्या कामातही दोष राहतात, आणि त्यातले निम्मे गिऱ्हाइकाच्या घाईतून येतात असे चाचांचे म्हणणे. "लोक म्हणतात, ईदच्या आधी द्या, लग्नाच्या आधी द्या." खालचा थर सुकण्याआधी वरचा मारला की आतला थिनर बाहेर पडताना टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पाडतो. एकदम जाड थर मारला की ओघळ येतात. गनची हवा किंवा थिनर चुकले तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. पत्र्यावर सिलिकॉनच्या पॉलिशचा अंश राहिला तर क्लिअर तेथून मागे सरते आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल पडतात. ज्या तेलकट पॉलिशने आम्ही चट्टे झाकणार होतो, तेच पुढच्या मालकाच्या रंगकामात असे विघ्न घालू शकले असते! ओघळ आणि धुळीचे कण क्लिअर कडक झाल्यावर १५०० ते २००० नंबरच्या वॉटर पेपरने सपाट करून पॉलिश करता येतात. छिद्रे आणि माशाचे डोळे मात्र बहुधा पुन्हा काम मागतात. नव्या रंगावर किमान महिनाभर मेण लावू नये.

हे सगळे ऐकत असताना आमचे लक्ष कोपऱ्यात गन चालवणाऱ्या मुलाकडे गेले. काही वर्षांपूर्वी तो आमच्याच वर्गात होता. तोंडाला रुमाल बांधलेला, आणि मधूनमधून खोकत होता. क्लिअरमध्ये जे हार्डनर मिसळतात त्यात आयसोसायनेट नावाची रसायने असतात. भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ मध्ये ज्या वायूने हजारो जीव घेतले तोही याच कुळातला. हार्डनरमधील रसायन तो वायू नव्हे, तितके जहालही नाही. परंतु रोज फवारा श्वासात गेला तर त्यातून दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे अगदी थोड्या अंशानेही झटका येतो. वास आला नाही म्हणून धोका नाही, असेही नसते. रुमाल किंवा कापडी मास्क त्याला अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क सर्वांत चांगला. तो परवडत नसेल तर निदान रंगकामासाठीचा कार्ट्रिजवाला मास्क हवा, कार्ट्रिज वेळेवर बदलले पाहिजे आणि वारा खेळता पाहिजे.

त्याच्या हातात मोजेही नव्हते. आम्ही त्याला विचारले, "बेटा, जोहरचा वुजू कसा करतोस?" तो हसून म्हणाला, "सर, थिनरने हात धुतो." थिनर कातडी जाळते हा एक भाग. दुसरा असा की रंग नखावर दिसतो, क्लिअर दिसत नाही. वाळलेला पारदर्शक थर नखावर असला तर पाणी खाली पोहोचत नाही, आणि आपल्याला कळतही नाही. नायट्राईलचे हातमोजे घातले तर कातडीही वाचते आणि वुजूची चिंताही राहत नाही. चाचांनी हे शांतपणे ऐकले. म्हणाले, "सर, मास्कचे पैसे धरून दर सांगितला तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते." यावर आम्हाला उत्तर सुचले नाही, कारण घासाघीस करणारे गिऱ्हाईक आपणच असतो.

परत येताना एक हदीस राहून राहून आठवत होती. सहीह मुस्लिममध्ये ती आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) बाजारात धान्याच्या एका राशीजवळून गेले. त्यांनी राशीत हात घातला तर बोटांना ओल लागली. विचारल्यावर मालकाने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा प्रेषितांनी त्याला विचारले की लोकांना दिसावे म्हणून ओले धान्य वर का ठेवले नाही. आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. पाऊस पडणे हा त्या माणसाचा गुन्हा नव्हता. ओल खाली ठेवणे हा होता. आमच्या गाडीचे क्लिअर उन्हाने गेले, त्यात आमची चूक थोडी. ते मगरिबच्या अंधारात विकणे मात्र सर्वस्वी आमचे ठरले असते.

टप आणि बॉनेट रंगवून घ्यायला त्या वेळी हातात पैसे नव्हते. म्हणून गाडी नुसती धुतली आणि गिऱ्हाइकाला भर दुपारी बोलावले. चिखलीकडचे एक शेतकरी आले. आम्ही आधी टप दाखवले, पापुद्रा उचलून दाखवला, आणि चाचांनी सांगितलेला रंगकामाचा खर्चही सांगितला. त्यांनी किमतीतून अठरा हजार कमी केले. मग म्हणाले, "सर, एवढे तुम्ही स्वतःच दाखवले, तर इंजिन आता मी उघडून बघत नाही."

फीच्या शेवटच्या हप्त्यासाठी कॉलेजकडे महिनाभराची मुदत मागावी लागली. मुलीला आम्ही कारण सांगितले. ती म्हणाली, "अब्बू, बरे केले." गाडी घाटावर गेली. पुढच्या आठवड्यात आम्ही त्या मुलासाठी कार्ट्रिजवाला मास्क आणि मोज्यांचा डबा घेऊन गेलो. मास्क तो वापरतो की खुंटीला टांगून ठेवतो, हे जाता-येता पाहत राहणार आहोत.

तुम्ही गाडी रंगवायला द्याल तेव्हा दोन गोष्टी जरूर करा. मिस्त्रीला पुरेसे दिवस द्या, आणि मास्कचे पैसे दरातून कापू नका. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.