चार्टमधून गळलेलं ‘नाही’

सायकॉलॉजीचा पेपर जवळ आला की व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ फिरायला लागते. डावीकडे नाव, मधे साल, उजवीकडे एका ओळीत ‘योगदान’. पावलॉव्ह म्हणजे कुत्रा, स्किनर म्हणजे उंदीर, बंडुरा म्हणजे बोबो डॉल. पाठांतराला माझा विरोध नाही, मार्क त्यावरच मिळतात. (आम्ही मासकॉमवालेही तेच करतो.) पण त्या एका ओळीत काय गाळलं जातं, ते एकदा बघाच.

मिलग्रॅमचंच घ्या. चार्टमध्ये असतं, ‘१९६३, आज्ञाधारकता, ६५ टक्के’. म्हणजे येल विद्यापीठातल्या प्रयोगात पलीकडच्या खोलीतला माणूस भिंतीवर धडका देत असूनही ४० पैकी २६ जणांनी थेट ४५० व्होल्टपर्यंत बटणं दाबली. शॉक खोटे होते, पण त्यांना ते माहीत नव्हतं. वाचून वाटतं, माणूस म्हणजे मेंढरूच! पण मिलग्रॅम तिथेच थांबला नाही. हुकूम देणारा संशोधक खोलीबाहेर जाऊन फोनवरून सांगायला लागला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे जेमतेम पाचवा हिस्सा उरले. आणि शेजारी बसवलेले दोघं (ते मिलग्रॅमचेच लोक) एकामागोमाग ‘आम्ही नाही करणार’ म्हणून उठले, तेव्हा ४० पैकी फक्त ४ जण शेवटपर्यंत गेले. मला तरी हा ४ चा आकडा त्या ६५ पेक्षा महत्त्वाचा वाटतो. हॉस्टेलवर रॅगिंग चालू असताना गप्प उभं राहणाऱ्यांना तर तोच आधी सांगायला हवा.

ॲशच्या रेषांच्या प्रयोगाचंही तसंच. सगळे चुकीचं उत्तर देतात म्हणून आपणही देतो, एवढंच आपण लिहितो. सोबतीला एक जण जरी बरोबर बोलणारा असला की चुका एकदम घटल्या, हे दोन मार्कांत बसत नाही ना.

मग झिम्बार्डोचा १९७१ चा स्टॅनफर्ड तुरुंग. दोन आठवडे चालणार होता, सहा दिवसांत गुंडाळला. कारण नुकतीच पीएचडी झालेली क्रिस्टिना मास्लाक तिथे आली, सगळं बघून हादरली आणि झिम्बार्डोशी भांडली. आपण उठताबसता ‘बर्नआउट’ म्हणतो ना, त्यावरचं महत्त्वाचं संशोधन पुढे तिनेच केलं. पहारेकऱ्यांना कसं वागायचं ते आधीच सुचवलं होतं, असा आक्षेपही या प्रयोगावर आहे. चार्टमध्ये ना तो आक्षेप, ना मास्लाक.

तर त्या पीडीएफला एक चौथा कॉलम जोडा, ‘नाही कोण म्हणालं, आणि कधी?’ मिलग्रॅमपासून सुरू करा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि भरलेली पीडीएफ ग्रुपवर परत टाका.