तेलातली कॅपसूल

मैत्रिणींनो, बादलीभर पाण्यात झाकणभर काळं फिनेल ओतलं की पाणी आपोआप दुधासारखं पांढरं होतं, हे आपण रोज पाहतो. गोडेतेल मात्र कितीही घुसळा, तवंग पुन्हा वर येतोच! फिनेलमध्ये तेलाबरोबर साबणासारखं द्रव्य मिसळलेलं असतं, ही त्यातली गंमत.

हीच युक्ती औषधांतही वापरतात. पोटात सगळा पाण्याचा कारभार. जे औषध पाण्यात विरघळत नाही, ते रक्तात पुरेसं न उतरताच बाहेर पडतं. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला देतात ते सायक्लोस्पोरीन असंच. शरीराने परकं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून ते घ्यायचं. रक्तात कमी पडलं तर मूत्रपिंड नाकारलं जाण्याची भीती, आणि जास्त झालं तर याच औषधाने मूत्रपिंडाला इजा!

अमेरिकेत 1983 साली मान्य झालेलं सँडिम्यून तेलातलंच होतं, पण ते पित्तावर नि जेवणावर फार अवलंबून. आज एक पातळी, उद्या दुसरी. 1995 साली तिथे निओरल आलं. त्यात मक्याच्या तेलापासून केलेला भाग आणि आपल्या एरंडेलापासून बनवलेलं साबणासारखं द्रव्य आहे. पोटातल्या पाण्याशी गाठ पडताच त्याचे इतके बारीक थेंब होतात की मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तरी त्यातला एक भाग त्यांच्याहून मोठा ठरावा.

म्हणूनच मिलिग्रॅमचा आकडा तोच असला तरी ही दोन औषधं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दुकानदार "तेच आहे हो, वहिनी" म्हणाला, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनी बदलू नका. बदललीच, तर रक्ततपासणी करावी लागते.

आठवड्याच्या गोळ्या डबीत काढून ठेवायची आपली सवय चांगली, पण ही कॅपसूल घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढावी. तेव्हा स्पिरिटसारखा वास आला तर घाबरू नका, त्यात अल्कोहोल असतं. रोजची वेळ आणि जेवणाशी असलेलं अंतर सारखंच ठेवा. पपनस व ग्रेपफ्रूट मात्र बंद. त्यांनी रक्तातलं औषध वाढतं.

पातळ औषध असेल तर ते काचेच्या पेल्यात, संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसात मिसळून लगेच द्यावं. रस फ्रिजमधला गार नको. प्लॅस्टिकचा पेला नको, आणि पेला पुन्हा थोड्या रसाने विसळून तेही प्यायला द्यावं.